दुखवट्याचे कापड

चित्रकलेच्या चर्चेत ‘अमूर्त’ हा शब्द आज सरसकट वापरला जात असला, तरी त्याचे जुने घर चित्रशाळेत नाही, तत्त्वज्ञानात आहे. ज्याला मूर्ती नाही, म्हणजे डोळ्यांनी ओळख पटावी असा ठाम आकार नाही, ते अमूर्त. आणि या अर्थाने पाहिले तर घरातले माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांपुढे उभा राहतो तो प्रश्न अमूर्ताचाच असतो, कारण कालपर्यंत ज्याला नाव होते, खोकण्याचा आवाज होता आणि पंगतीत ठरलेली जागा होती, ते माणूस आज केवळ एक उणीव होऊन घरात वावरत असते. रंग, रेषा आणि पोत यांपलीकडे कशाचीही ओळख पटू न देणाऱ्या कामाला अमूर्त कला म्हणतात, आणि अशा कामाने शोक हलका होतो हा विचार गेल्या शतकात कलोपचाराच्या, म्हणजे कलेच्या आधारे मन सावरण्याच्या शास्त्राच्या, अंगाने वाढला. क्षयाच्या आजारात आरोग्यधामात चित्रे काढत सावरलेल्या एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराने १९४२ मध्ये ‘आर्ट थेरपी’ हा शब्द रूढ केला. बीड जिल्ह्याच्या संदर्भात मात्र या प्रश्नाकडे उलट्या बाजूने पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. अमूर्त कला उपचार म्हणून बाहेरून आणण्याआधी, बालाघाटाच्या या कोरडवाहू मुलखातली माणसे शोकाच्या दिवसांत कोणते आकार हाताळत आली आहेत, हे आधी पाहायला हवे.

त्यांतला सर्वांत साधा आकार म्हणजे जीवखडा. चितेभोवती फिरताना पाण्याच्या मडक्याला ज्या खड्याने भोक पाडतात तो खडा जपून ठेवला जातो, धर्मशास्त्रात त्याला अश्मा म्हणतात, आणि पुढचे दहा दिवस गेलेले माणूस म्हणून त्याच खड्यावर तिलांजली, म्हणजे तीळ घातलेले पाणी, सोडले जाते. हा खडा घडवलेला नसतो, रंगवलेला नसतो, त्यावर नाव नसते. नदीकाठच्या हजार खड्यांत तो मिसळला तर पोटच्या पोरालाही ओळखू येणार नाही, आणि दहाव्या दिवशी नेमके तेच होते, तो पाण्यात सोडून दिला जातो. दहाव्याचा पिंडही तसाच, ना डोळे ना हात असलेला भाताचा गोळा. आणि भाषेची गंमत अशी की देहालाही पिंडच म्हणतात, तर परळीला ज्या वैजनाथाच्या दर्शनाला लोक रांगा लावतात तीही पिंडीच. कावळा शिवेपर्यंत त्या गोळ्याकडे पाहत उभे राहायचे, गेलेल्याच्या मनात काय राहिले असेल याचा अंदाज बांधायचा आणि एकेक वचन बोलून दाखवायचे, यात जे घडते ते चेहऱ्याच्या आधाराने घडत नाही. आकार जितका निराकाराजवळचा, तितके त्यात बोलायला जास्त मावते.

याहून सूक्ष्म चाल खेड्यापाड्यांत पाहायला मिळते. ज्या जागी प्राण गेला तिथे रात्री दिवा लावून, त्याच्याजवळ पीठ किंवा चाळलेली राख हाताने पातळ पसरून त्यावर टोपले झाकतात, आणि सकाळी टोपले उचलून पिठावर कसली खूण उमटली आहे ती पाहतात. कोणाला पक्ष्याचे पाऊल दिसते, कोणाला सापाची वळी, कोणाला नुसती एक तिरपी रेघ. ती मुंगळ्याने काढली की दाराच्या फटीतल्या वाऱ्याने, हे विचारायची ती वेळ नसते. पुढचा जन्म कोणता याचे उत्तर त्या खुणेतून मिळते अशी समजूत आहे, आणि समजूत म्हणून ती कोणी नाकारली तरी कृती म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही, कारण अख्खे घर पहाटे एका पांढऱ्या पृष्ठभागाभोवती गुडघ्यांवर बसून, अर्थ ठरलेला नसलेल्या खुणांकडे एकाग्रतेने पाहत असते. अमूर्त चित्रापुढे उभ्या राहणाऱ्या प्रेक्षकाकडून चित्रकाराची अपेक्षा याहून वेगळी नसते. ‘यात काय काढले आहे’ असे विचारून पाठ फिरवणाऱ्या सुशिक्षितापेक्षा पिठाभोवती बसलेले हे घर चित्र पाहण्याच्या कलेत पुढे आहे, असे म्हणायला हरकत नाही.

या जुन्या आकारांच्या शेजारी आता दुसरी रीत आली आहे. बीड, गेवराई, माजलगाव यांतल्या कोणत्याही चौकात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चे फ्लेक्स लागतात, आणि घरात दुसरा फोटो नसल्यामुळे आधार किंवा मतदान कार्डावरचा, दचकून कॅमेऱ्याकडे पाहणारा चेहरा आठ-दहा फुटांचा करून त्यावर छापला जातो. फोटोला नावे ठेवण्याचे कारण नाही, तोही आधारच आहे. पण फोटोतला चेहरा बदलत नाही आणि शोक तर रोज बदलतो. पहिल्या महिन्यात ज्याच्याविषयी फक्त हुंदका येतो, त्याच्याविषयी तिसऱ्या महिन्यात राग येतो, वर्षभराने एखाद्या दुपारी काहीच वाटत नाही आणि काहीच वाटले नाही म्हणून पुन्हा अपराधी वाटते. इतक्या प्रकारांना एकच चेहरा पुरा पडत नाही.

बोलणेही पुरे पडत नाही, आणि या जिल्ह्यात त्याचे कारण निव्वळ मानसशास्त्रीय नाही. शोकात सापडलेल्याने मन मोकळे करावे हा सल्ला सर्वत्र दिला जातो, परंतु शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर त्याच्या बायकोला मन मोकळे करण्याआधी जबाब द्यावा लागतो. पंचनामा होतो, शासनाच्या एक लाख रुपयांच्या मदतीसाठी सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज कोणत्या बँकेचे, वसुलीचा तगादा होता का, या प्रश्नांची उत्तरे तलाठ्यापासून जिल्हास्तरीय समितीपर्यंत त्याच शब्दांत पुन्हा पुन्हा सांगावी लागतात, आणि शेवटी तो मृत्यू ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरतो. मृत्यूला लागलेली ही दोन विशेषणे मराठी भाषेने कधी कल्पिली नसतील. दुःख इतक्या वेळा कागदावर गेले की त्याचे शब्द बाईचे स्वतःचे राहत नाहीत, आणि मग पुढे कोणी खरोखरच मायेने विचारले तरी तोंडून तोच पाठ झालेला जबाब बाहेर पडतो.

ऊसतोडीच्या कामात तर भाषा आधीच हिशेबाची असते. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे एक ‘कोयता’ म्हणतात, मुकादमाकडून हंगामापूर्वी मिळणारी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीवर ठरते, आणि एकट्या माणसाची मोजदाद ‘अर्धा कोयता’ अशी होते. दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या भागात जाऊन कोपीत, म्हणजे पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या खोपटात, राहणाऱ्या बाईचा नवरा गेला की ती विधवा होते त्याच दिवशी अर्धीही होते. तेराव्यापर्यंतचा दुखवटा संपला की तिच्या शोकाला अधिकृत जागा उरत नाही, उरतात त्या हंगामाच्या तारखा.

‘दुखवटा’ या शब्दापाशी इथे थांबावेसे वाटते. आज त्याचा अर्थ शोक पाळण्याचा काळ असा घेतला जातो, आणि राष्ट्रीय दुखवटा म्हटले की अर्ध्यावर उतरवलेला ध्वज डोळ्यांसमोर येतो. पण गावाकडे दुखवटा ही हातात घेण्याची वस्तूही आहे, कारण माहेरचे, सोयरे आणि भावकीतले लोक शोक झालेल्या घरी जे लुगडे, टॉवेल-टोपी, धोतर घेऊन येतात, त्या कापडाच्या आहेरालाही दुखवटाच म्हणतात. शोक ही ज्या भाषेत अंगावर घालण्याची गोष्ट आहे, त्या भाषेत शोकाची कला कापडावरच सापडावी हे ओघानेच आले, आणि ती सापडते वाकळेत. गोधडी किंवा वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर एकावर एक पसरून धावदोऱ्याने शिवलेले जाड पांघरूण, एवढी व्याख्या शहरी वाचकासाठी पुरेशी आहे. ती कशी होते हे मात्र जवळून पाहण्यासारखे आहे.

कारखाने बंद होऊन माणसे गावी परतली की चैत्र-वैशाखाच्या दुपारी, मृगाच्या पेरणीची घाई सुरू होण्यापूर्वी, वाकळा शिवायला बसतात. सारवलेल्या जमिनीवर सर्वांत मोठे लुगडे खाली अंथरतात, त्याच्या कोपऱ्यांवर दगड किंवा वरवंटा ठेवतात, मधले थर हाताने सपाट करत घालतात आणि वर येणारे तुकडे मांडायला घेतात. मृत्यूच्या वेळी अंगाखाली असलेले अंथरूण घरात ठेवत नाहीत, ते टाकून देतात. परंतु पेटीत राहिलेली आजीची दोन लुगडी, नवऱ्याचे कॉलर फाटलेले सदरे, यांचे काय करायचे हा प्रश्न वर्षभर पडून असतो आणि त्याचे उत्तर या दुपारी कात्री देते. पहिली कात्री चालवणे सोपे नसते. कोपरावर विरलेली बाही वेगळी निघते, खिशाच्या जागी मूळ रंगाचा एक चौकोन दिसतो, कारण खिशाखालच्या कापडाला तीस उन्हाळ्यांचे ऊन लागलेलेच नसते. तो गडद चौकोन कुठे बसवायचा, त्याच्या शेजारी हिरवा घ्यायचा की विटका जांभळा, काठाची पट्टी आडवी की उभी, हे निर्णय सुरू झाले की सदरा हा नवऱ्याचा सदरा राहत नाही आणि तरी त्याच्याशिवाय दुसरे काहीही होत नाही. ज्या क्षणी ओळख विरते पण द्रव्य तेच राहते, तो क्षण अमूर्त कलेचा. चित्रकलेची पाठ्यपुस्तके ज्याला अमूर्तीकरण म्हणतात, म्हणजे ओळखीच्या वस्तूतून तिचे ओळखीचे रूप काढून घेऊन रंग आणि आकार शिल्लक ठेवणे, ते हेच.

अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या कापूस पिकवणाऱ्या कृष्णवर्णीय वस्तीत मिसुरी पेटवे या बाईने १९४२ मध्ये, नवरा गेल्यावर, त्याच्या शेतातल्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली, तीत त्याची आठवण राहावी आणि ती पांघरून निजता यावे म्हणून. गुडघ्यावर फिकटलेल्या निळ्या पँटींचे उभे पट्टे आणि ठिगळांच्या गडद खुणा असलेल्या त्या वस्तीच्या गोधड्या २००२ मध्ये न्यू यॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतीवर लागल्या तेव्हा समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रांशी केली. तुलना योग्य होती, फक्त तिची दिशा उलटी होती. गोधड्या चित्रांसारख्या आहेत असे म्हणण्याऐवजी, चित्रकार ज्याच्या शोधात होते ते या बायकांच्या हाताला आधीच ठाऊक होते, असे म्हणायला हवे होते.

व्यवसायाने चित्रकार असलेल्या माणसाच्या बाबतीत हे कसे घडते, याचे बोलके उदाहरण ली क्रॅस्नर या अमेरिकी चित्रकर्तीचे आहे. तिचा नवरा जॅक्सन पोलॉक १९५६ मध्ये मोटार अपघातात गेला, १९५९ मध्ये आई गेली, आणि झोप उडालेल्या त्या काळात तिने नवऱ्याच्या रिकाम्या कोठाराच्या चित्रशाळेत रात्री काम सुरू केले. पण दिव्याच्या उजेडात रंग खरे दिसत नाहीत म्हणून तिने रंगच बाजूला ठेवले आणि १९६२ पर्यंत तपकिरी, मातकट आणि पांढऱ्या छटांची प्रचंड चित्रे केली. या मालिकेकडे पाहताना शोकाचा रंग काळा-तपकिरीच असायचा, अशी समजूत करून घेणे सोपे आहे, परंतु मूळ कारण किती व्यावहारिक आहे: झोप नाही, म्हणून रात्र, रात्र, म्हणून दिवा, दिवा, म्हणून रंग नाहीत. शोकाने चित्राचा विषय दिला नाही, कामाची वेळ दिली. वाकळेचेही तसेच असते, तिथे विषय नसतो, दुपार असते.

म्हणून ‘भावना व्यक्त केल्याने दुःख कमी होते’ हे कलोपचाराविषयीचे लोकप्रिय विधान अपुरे वाटते. फ्रॉइडने १९१७ च्या आपल्या निबंधात शोकाला काम म्हटले, एकेक आठवण उचलून तिच्यातून मन सोडवून घेण्याचे काम, आणि त्याचा रोख गेलेल्यापासून सुटण्याकडे होता. पुढे १९९९ मध्ये मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी मांडलेल्या द्विप्रक्रिया सिद्धान्ताने हे चित्र बदलले. शोक करणारा माणूस हानीकडे आणि रोजच्या जगण्याकडे आळीपाळीने वळतो, कधी दुःखात बुडतो तर कधी चुलीकडे, शेताकडे, पोराच्या फीकडे पाहतो, आणि हे मागे-पुढे होणे हेच निरोगीपणाचे लक्षण आहे, असे त्यांचे म्हणणे. धावदोरा घालणाऱ्या हाताला हा सिद्धान्त नव्याने शिकवावा लागत नाही, कारण प्रत्येक टाका कापडाखाली जातो, दिसेनासा होतो आणि बोटभर पुढे पुन्हा वर येतो. हाताच्या अशा कामाचा शरीरावर परिणाम होतो याला थोडा पुरावाही आहे: गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३९ प्रौढांना ४५ मिनिटे चित्र, चिकटकाम किंवा माती यांत रमू दिल्यावर सुमारे ७५ टक्के लोकांमध्ये कॉर्टिसोल, म्हणजे ताणाच्या वेळी शरीरात वाढणारे संप्रेरक, कमी झालेले आढळले. अभ्यास लहान आहे आणि शोकग्रस्तांचा नाही, तेव्हा त्याच्यावर फार मोठा इमला चढवू नये. पण चित्रकलेचा पूर्वानुभव असो वा नसो, फायदा होऊ शकतो, हे त्यातले निरीक्षण वाकळेच्या बाजूचे आहे.

मराठी मुलखातल्या अमूर्त चित्रकारांकडे या नजरेने पाहताना मात्र सावध राहावे लागते. नागपुरात १९२४ मध्ये जन्मलेले वासुदेव गायतोंडे आपल्या चित्रांना अमूर्त म्हणण्यापेक्षा वस्तुनिरपेक्ष म्हणणे पसंत करत. रोलर आणि रंगसुरी यांनी थरावर थर चढवत आणि खरवडत ते वर्षाला मोजकीच चित्रे करत, आणि १९८४ च्या अपघातानंतर काही वर्षे त्यांना चित्र काढता आले नाही. म्हणून त्यांच्या चित्रांतली शांतता ही कोणत्या तरी दुःखाची परिणती आहे, असे चरित्र उकरून ठरवणे म्हणजे पुन्हा पंचनामाच करणे होय. तितकाच घाईचा दुसरा रिवाज म्हणजे अशा प्रत्येक चित्रापुढे ‘निर्गुण’ हा शब्द ठेवून मोकळे होण्याचा. ‘कोरा कॅनव्हास’ लिहिणारे प्रभाकर बरवे यांच्याविषयी एक साधी गोष्ट अधिक उपयोगी आहे: चित्रकार म्हणून घडण्याच्या काळात ते विणकर सेवा केंद्रात नोकरी करत होते, आणि त्यांच्याप्रमाणेच अकोल्याकडचे अंबादास हेही त्या केंद्रांत होते. आधुनिक मराठी अमूर्त चित्रकलेचा एक धागा असा थेट मागावरून आलेला आहे.

बीड जिल्ह्यात हा धागा चारशे वर्षे मागे जातो. अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१–१६१५) यांनी ‘पंचीकरण’ हा विषय, म्हणजे पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश ही पाच तत्त्वे एकमेकांत कशी मिसळतात आणि त्यांतून देह कसा घडतो याचा विचार, कागदावर न लिहिता सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर लिहिला, आणि तो ग्रंथ ‘पासोडी’ या नावाने ओळखला जातो. पासोडी म्हणजे गोरगरिबांनी थंडीत अंगावर घ्यायचे जाडेभरडे दुहेरी वस्त्र. देह ज्या पाचांतून येतो त्यांतच परत जातो म्हणून मराठीत मरण्याला पंचत्व पावणे म्हणतात. त्या पाचांचा हिशेब मांडायला या कवीला पांघरुणाचे कापड सुचावे, यामागचे कारण शोधत बसण्याची गरज नाही, पण ज्या गावात ते घडले त्याच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांत आजही लुगड्यांचे थर अंथरले जातात हे विसरण्याचीही गरज नाही.

यातून वाकळ शिवली की शोक बरा होतो असा अर्थ कोणी काढू नये. ज्या बाईला महिनोन्‌महिने झोप लागत नाही, जेवण जात नाही, जगणे नकोसे वाटते, तिला सुईदोरा नव्हे, डॉक्टर आणि औषध हवे, आणि आरोग्य खात्याच्या समुपदेशन सेवेचा तिला हक्क आहे. कर्जाचे, जमीन नावावर होण्याचे आणि अर्ध्या कोयत्याच्या मजुरीचे प्रश्न तर कोणत्याही कलेने सुटत नाहीत. त्यांची जबाबदारी कलेवर टाकणे ही सोयीची पळवाट होईल. इतकेच म्हणता येते की शोकाला बिनचेहऱ्याची, बिनजबाबाची एक जागा लागते, आणि या जिल्ह्यात ती उन्हाळ्याच्या दुपारी बायकांनी स्वतः राखलेली आहे. बचत गटांसाठी गोधड्यांची प्रशिक्षणे घेणाऱ्यांनी आणि शहरातल्या दुकानांसाठी त्या विकत घेणाऱ्यांनी नवे कापड, ठरीव चौकोन आणि मापाचे टाके यांचा आग्रह धरण्यापूर्वी समोरच्या बाईला एवढे विचारावे की यातले लुगडे कोणाचे आहे. आणि तिने उत्तर दिले नाही, तर ती वाकळ विकत मागू नये. वापरून वापरून विरलेली वाकळ घरात टाकून देत नाहीत. पुढची शिवायला घेतली की ती तिच्या आत, मधला थर म्हणून घालतात.